किलोला एक अंडं

पेनाचं टोपण काढून नवीने ते कागदाशेजारी ठेवलं, थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि टोपण पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, थोरल्याच्या, ते लक्षात आलं.

"अगं, सही कर आणि मोकळी हो. टेबल आवरायचंय."

"मला ही सही करता येणार नाही," ती म्हणाली.

शनिवारची दुपार होती. जेवणं झाली होती, पण ताटं अजून उचलली नव्हती. थोरल्याच्या वडिलांना, अप्पांना, जाऊन तीन वर्षं होत होती आणि त्यांच्यासाठीची मिस्सा, चर्चमधली उपासना, दुसऱ्या दिवशी सकाळी होती. त्यासाठी धाकटा भाऊ, शिकवत होता त्या शाळेतून रजा टाकून, बसने आला होता. अक्का, म्हणजे या भावंडांतली सगळ्यांत मोठी, हॉस्पिटलातून निवृत्त झालेली नर्स, आपल्या खोलीला कुलूप घालून दोन पिशव्या घेऊन आली होती. आई नेहमीसारखी टेबलाच्या टोकाला, भिंतीकडे पाठ करून बसली होती. घराच्या वाटणीवरून बिनसल्यानंतर सगळे एका टेबलाशी जेवले ते आजच, आणि दोन घास सुखाने खाऊन झाले न झाले तोच हा कागद निघाला.

कागद बिशपांच्या कार्यालयातून आला होता. मिस्सेत वेदीवर ठेवायच्या त्या पातळ, पांढऱ्या, गोल चकत्या जे जे कोणी भाजतात त्या सगळ्यांना तो गेला होता. कुठेतरी भलत्याच पिठाच्या चकत्या विकायला आल्या होत्या म्हणे. आता प्रत्येकाकडून लिहून घेणं चाललं होतं: आम्ही फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी वापरतो, अन्य काहीही मिसळत नाही. खाली प्रत्यक्ष भाजणाऱ्याची सही. या घरात ते काम अप्पांच्या आईने सुरू केलं, तिच्यानंतर सुनेने, म्हणजे आईने, आणि आईच्या हाताला कंप सुटल्यावर तिच्या सुनेने. पुरुषांनी लोखंडी साचे घासावेत, डबे पोचवावेत. पिठाला हात बायकांचा. घरात आणखी एक शिस्त होती. वेदीवर जाईपर्यंत तिला चकती म्हणायचं. तिथून पुढे ते ख्रिस्ताचं शरीर, मग तो शब्द कोणी तोंडातून काढायचा नाही.

नवीच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. मुलगा नोकरीनिमित्त दूर गेला, केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी घरात ती नवीच राहिली. ती घरातही नवी होती आणि धर्मातही. लग्नाआधी एक महिना तिचा बाप्तिस्मा झाला होता, आणि माहेरचं कुणी त्याला आलं नव्हतं, लग्नालाही नाही. वाईट हेतूने तिला तसं कोणी म्हणत नव्हतं. बदलायचंही कोणाच्या मनात आलं नाही, इतकंच.

"चष्मा आणून देऊ का, वहिनी?" धाकट्याने विचारलं.

"वाचून झालाय. तीन वेळा वाचला." तिने पेन बाजूला सरकवलं. "मी पिठात अंड्याचं पांढरं घालते. किलोला एक. अकरा वर्षं झाली."

 धाकट्याच्या ओठांवर आलेलं हसू त्याला वेळेत आवरता आलं नाही.

"म्हणजे सुट्टीत आलो की मंगळवारचं ऑम्लेट एवढं पिवळं धमक असायचं, ते..."

"पिवळे बलक उरायचे," नवी म्हणाली. "टाकवत नव्हते."

मंगळवार हा चकत्या भाजायचा दिवस होता. थोरल्याने अकरा वर्षं ते ऑम्लेट मिटक्या मारत खाल्लं होतं. शेजाऱ्यांना सांगितलंही होतं, की आमच्या हिच्या हाताला चव आहे.  या बाईशी लग्न करायचं म्हणून तो अप्पांशी दोन वर्षं बोलला नव्हता. तिच्याबद्दल कोणी नाक मुरडलं तर त्याने ताट सारून उठायचं, हे नातलगांना पाठ झालं होतं. आणि तिनेच त्याच्या नाकासमोर हे केलं होतं, तेही साच्यापासून दोन हातांवर.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुम्ही फादरना सांगितलं असतं."

"मग?"

"मग त्यांनी बंद करायला लावलं असतं."

"लावलंच असतं. लावायलाच हवं होतं." त्याने कागद स्वतःकडे ओढला, वाचला आणि परत तिच्यासमोर ठेवला. आवाज खाली आणून, गिऱ्हाइकाला समजवावं तसा तो बोलू लागला. "हे बघ. झालं ते झालं. या मंगळवारपासून नुसतं पीठ आणि पाणी. मग कागदावरचं खरं झालं की नाही? मागचं कोण विचारतंय? आपण पाच जण. आपल्यातलं कोण जाऊन सांगणार आहे?"

तो हे बोलला तेव्हा त्याने मुद्दामच अक्काकडे बघायचं टाळलं.

अक्काला त्याचं बोलणं अर्धवटच ऐकू आलं होतं. ती मोजत होती. निवृत्त झाल्यापासून ती दर रविवारी मिस्सा संपली की गळ्यात एक छोटी झाकणाची डबी घालून निघायची. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही त्यांच्या घरी जायची, त्यांच्या जिभेवर ख्रिस्ताचं शरीर ठेवायची. नऊ वर्षं. त्यांतले किती जण त्यानंतर आठवड्याभरात गेले, हे तिला नावानिशी ठाऊक होतं. शिंपीकाकांनी पाण्याचा घोट नाकारला होता आणि त्यासाठी मात्र तोंड उघडलं होतं. शाळेतल्या त्या बाई, ज्यांना शेवटी कुणाचीच ओळख पटत नव्हती, त्यांनी डबी बघितल्यावर हात जोडले होते.

"अप्पांना शेवटचं मी दिलं," ती म्हणाली.

"अक्का," थोरला म्हणाला.

"तू थांब. मी हिला विचारतेय." ती नवीकडे वळली. "माझ्या बापाला मी काय दिलं? ते सांग. अंडं घातलेलं बिस्कीट दिलं का?"



"अक्का, एका किलोत एक पांढरं म्हणजे तीस ग्रॅम," धाकटा म्हणाला. तो विज्ञान शिकवायचा, आणि घरात कुणाचं काही बिनसलं की त्याचा हात आकड्यांकडे जायचा. "दोन-अडीच हजार चकत्यांत ते वाटलं जाणार. एका चकतीत किती आलं, हे आमच्या शाळेतल्या काट्यालाही कळणार नाही. एवढ्यासाठी कुणी कुणाला फासावर द्यायचं कारण नाही."

"तू शेवटची मिस्सा कधी बघितलीस?"

"अप्पांच्या मयताची."

"मग तू बोलू नकोस."

 धाकटा आपली बाजू घेतोय हे नवीला दिसत होतं, आणि त्याची ती बाजू तिला टोचत होती. त्याच्या लेखी त्या चकतीत आधीही काही नव्हतं आणि नंतरही काही येत नव्हतं. मग अंडं घातलं काय आणि न घातलं काय. त्यापेक्षा अक्काचा राग तिला जवळचा वाटला. पण अक्का आता थांबायला तयार नव्हती.

"मी आजवर कधी बोलले नाही. आज बोलते," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. वॉर्डात रात्रंदिवस काढलेल्या बाईचा आवाज होता तो, रोग्याच्या नातेवाइकांना सांगताना असतो तसा. "आम्हाला हे उमजत नव्हतं तेव्हापासून ठाऊक आहे, की याच्यात आपलं डोकं चालवायचं नाही. आजीने सांगितलं, पीठ आणि पाणी. संपलं. तुझ्या डोक्यावर पाणी ओतलं आणि आम्ही धरून चाललो की तू बदललीस. तुझ्या मनात ते पीठच राहिलं. पीठ चांगलं जमायला हवं, चकती देखणी दिसायला हवी. तुला त्यात दुसरं काही कधी दिसलंच नाही."

थोरला एरवी या वाक्याला ताट सारून उठला असता. तो बसून राहिला. नवीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि तो उठत नाही हे बघून स्वतःच बोलायला लागली.

"अकरा वर्षांमागे आपली गिरणी बदलली होती, आठवतं? जुनी बंद पडली म्हणून. त्या नव्या पिठात जीव नव्हता. चकत्या कापताना निम्म्या फुटायच्या. थंडी कोरडी होती. म्हातारे फादर होते तेव्हा, हात थरथरणारे."

"मग?"

"त्या रविवारी त्यांनी मोठी चकती," ती अडखळली, आणि तिने शब्द बदलला. "त्यांनी वेदीवर ती भाकर तोडली आणि तिचा भुगा झाला. थाळीत पडला, कापडावर पडला, खाली पायरीवरही पडला. त्यांना नीट दिसत नव्हतं, ते पुढे वाचत राहिले. अप्पा सेवेला होते बाजूला. अप्पा गुडघ्यांवर बसले. त्यांचे गुडघे कसे होते तुम्हाला माहीत आहेत. बोट ओलं करून एकेक कण उचलायला लागले. लोकांचं गाणं चाललं होतं, सगळं गाणं संपलं तरी ते तिथेच. फटीतलं बोटाला येईना. तेव्हा त्यांनी फरशीला जीभ लावली."

अक्का त्या रविवारी रुग्णालयात ड्युटीवर होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"मी पहिल्या बाकावर होते," नवी म्हणाली. "बाप्तिस्म्याआधी आठ महिने मठातल्या सिस्टरनी मला शिकवलं, की लहानात लहान कणातही ख्रिस्त पुरा असतो. अक्का, तुम्ही ते लहानपणापासून ऐकलंय. तुम्हाला त्याची सवय झाली असेल. मला नाही झाली. मी चोवीस वर्षांची होते, मला ते एकदम कुणीतरी सांगितलं, आणि मी ते खरं धरलं. माझ्या हातची चकती फुटली म्हणून तो फरशीवर पडला. आणि माझ्या सासऱ्यांना त्याला असं उचलावं लागलं. मी घरी येऊन न्हाणीघरात बसून रडले. मंगळवारी पांढरं घातलं. आमच्या माहेरी काही धरून राहायला हवं असलं की तेच घालायचे. त्या दिवसानंतर एकही फुटली नाही."

"आणि सिस्टरनी पीठ आणि पाणी हे सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"दोन्ही पाळता येईना. मी एक धरलं."

टेबलावरच्या उष्ट्या ताटांवर माश्या बसायला लागल्या होत्या. धाकट्याने उगाच एक ताट दुसऱ्यावर ठेवलं. त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपण या घरात पाहुणा आहोत. वहिनीबद्दल त्याला नेहमी कीव यायची, की नवऱ्यापायी बिचारीला हे सगळं गळ्यात अडकवून घ्यावं लागलं. ती कीव किती चुकीची होती, हे त्याला आता कळत होतं, आणि ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

 आईच्या दोन्ही हातांना कंप होता, म्हणून ते ती मांडीवर एकात एक अडकवून ठेवायची. सून बोलत असताना तिला ती वाटी दिसत होती. स्टीलची, लहान, वर बशी झाकलेली. गिरणी बदलल्यानंतरचा दुसरा की तिसरा मंगळवार. तिने बशी उचलली होती, आत सात बलक होते. तिने बशी परत ठेवली होती. बस्स, एवढंच. त्या दिवशी सात किलो पीठ भिजलं होतं. कोणालाही सुटेल असा हिशेब होता.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

थोरला म्हणाला, "काय माहीत होतं?"

"हेच. पहिल्या महिन्यापासून. मी काय आंधळी आहे? जन्म गेला त्या खोलीत."

"आई, आता तिला वाचवायला म्हणून काही बोलू नकोस," अक्का म्हणाली.

"वाचवायला नाही बोलत." आईने हात सोडले, ते टेबलावर थरथरत राहिले आणि तिने ते तसेच राहू दिले. "माझ्या हातच्या चकत्या फुटायच्या. प्रत्येक वेळी डबाभर चुरा. तुमची आजी जाता येता बोलायची, हिच्या हातात भाकर टिकत नाही. चाळीस वर्षं ऐकलं ते. आणि मग हिच्या हातच्या फुटायच्या थांबल्या. म्हातारे फादर घरी आले, म्हणाले, तुमच्या घरच्या चकत्यांना तोड नाही. आणखी तीन चर्चमधून मागणी आली. सगळे म्हणायला लागले, सासूनं काय शिकवलंय. ते मला गोड लागलं. मी हिला एक शब्द बोलले असते तर हिने त्या दिवशी बंद केलं असतं. माझं कधी मोडलंय हिने? तो एक शब्द मी बोलले नाही. हिने भीतीपोटी केलं. मी मिरवायला मिळतंय म्हणून गप्प बसले. आणि दर रविवारी रांगेत उभी राहून तोंड उघडत गेले, सगळं ठाऊक असून."

अक्का उठून उभी राहिली. खुर्ची मागे भिंतीला लागली.

"मी अप्पांना दिलं तेव्हा तू त्यांच्या उशाशी होतीस."

"होते."

"आणि काही बोलली नाहीस."

"त्यांनी तोंड उघडलं होतं गं," आई म्हणाली. "त्या वेळी मी काय बोलणार होते?"

अक्का तिच्याकडे बघत राहिली. इतका वेळ तिच्या रागाला जायला एक सरळ रस्ता होता. आता तो आईपाशी येऊन अडला. आईवर तिला रागावता येत नव्हतं असं नाही. पण त्या हातांकडे बघून तिने खाली वाकून ताटं उचलायला घेतली. नवी मदतीला उठली तेव्हा तिने तिला हटकलं नाही.

ताटं उचलून झाल्यावर आई म्हणाली, "पाच वाजता फादर पापनिवेदन ऐकायला बसतात. त्याआधी गाठायला हवं. उठा."

"आई, विचार कर," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजातली समजूत आता संपत आली होती. "एकदा सांगितलं की ते साचे थंड झाले म्हणून समज. आजीपासूनचं काम आहे. लोक काय म्हणतील ते सोड, पण ते काम गेलं तर या घरात राहिलं काय?"

"ते मी अकरा वर्षं म्हणत आले," आई म्हणाली. "मनातल्या मनात. तू आज म्हणतोयस."

थोरला गेला नाही. तो मागच्या खोलीत जाऊन साचे घासत बसला, आधीच घासलेले होते तरी. धाकट्याने आईला हात दिला, नवीने काठी आणली, आणि त्या तिघांच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून अक्का निघाली.

फादर तरुण होते, या चर्चमध्ये येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. वेदीमागच्या खोलीत ते उद्याची वस्त्रं काढून ठेवत होते. इतकी माणसं एकदम बघून त्यांनी अप्पांच्या मिस्सेबद्दल काहीतरी असेल असं धरलं आणि खुर्च्या ओढल्या.

"फादर, हे तुम्हाला इथेच सांगायचंय," आई म्हणाली. "पापनिवेदनात सांगितलेलं तुम्हाला बाहेर काढता येत नाही, मग तुमचं तोंड बंद होईल आणि काही करता यायचं नाही. म्हणून आधी बाहेर सांगतो. माफी नंतर मागू."

नवीने सांगितलं. आईने आपलं सांगितलं. घरी सांगितलं होतं त्यापेक्षा दोघींनीही कमी शब्दांत सांगितलं. फादरांचा चेहरा आधी पडला, मग त्यांनी डोळे बारीक केले.

"किलोला किती म्हणालात?"

"एक. फक्त पांढरं."

"साखर, दूध, दुसरं पीठ? कधीही?"

"नाही. कधीच नाही."

फादर म्हणाले, "मग ती गव्हाचीच भाकर. त्या मिस्सा खरोखर झाल्या. सगळ्या."

"नक्की?" अक्काने दारातून विचारलं. ती आत आली नव्हती.

"नक्की. नियम मोडलाय, आणि तो हलका नाही. असं करायला नको होतं. पण एवढ्याने भाकर भाकर राहिली नाही असं होत नाही."

"मी ज्यांना घरी जाऊन देते. जे गेले..."

"त्यांना मिळालं," फादर म्हणाले. "तुमच्या वडिलांनाही."

अक्का तिथेच उंबऱ्यावर बसली. तिने पदर तोंडाला लावला आणि रडली, आणि खोलीतल्या कोणालाही तिच्याजवळ जावं की जाऊ नये ते कळेना. शेवटी धाकटा गेला आणि तिच्या शेजारी बसला.

"मला हे वर कळवावं लागेल," फादर नवीला म्हणाले. "त्यांचं उत्तर येईपर्यंत तुमच्याकडून चकत्या घेता येणार नाहीत. उत्तर काय येईल ते मला सांगता येत नाही. उद्यासाठी मठातल्या सिस्टर्सकडून मागवतो."

"बरं, फादर."

"तुम्ही कुणाला विचारलं का नाही? त्या वेळी?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते," ती म्हणाली. "आणि तो खाली पडला तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नसतं."

 सेमिनरीत शिकवलेली दोन-चार उत्तरं फादरांना आठवली असावीत, आणि त्यांतलं एकही या बाईसमोर ठेवावंसं वाटलं नसावं.

"काळजी घ्यायची ती घ्यायचीच," ते म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांनी केलं तेच करायचं. पण त्याला फरशीचं भय नाही. तो त्याच्याही खाली, मेलेल्यांत जाऊन आलाय. त्याला धरून ठेवायला तुमचं अंडं नको होतं."

नवीने मान हलवली. हे तिला कळलं की नाही, ते त्यांना तेव्हा कळलं नाही.

पाच वाजता दोघी पापनिवेदनाच्या रांगेत उभ्या राहिल्या, पुढे सासू आणि मागे सून. आत कोण काय बोललं ते त्यांचं त्यांना माहीत.

रविवारी अप्पांच्या मिस्सेला चर्च अर्धंअधिक भरलं होतं. थोरला बाकाच्या कडेला बसला होता. शनिवार दुपारपासून तो नवीशी एक शब्द बोलला नव्हता. फादरांनी प्रवचनात यातलं काही काढलं नाही. अप्पांनी या वेदीची किती वर्षं सेवा केली, ते सांगितलं. धाकटा सगळ्यांबरोबर उभा राहत होता, सगळ्यांबरोबर बसत होता, आणि हाताची घडी मात्र त्याने सोडली नाही.

कम्युनियनची, म्हणजे रांगेने येऊन ख्रिस्ताचं शरीर स्वीकारायची, वेळ झाली. फादर एका बाजूला उभे राहिले, अक्का दुसऱ्या बाजूला. बाकं एकेक रिकामी होऊन रांगा पुढे सरकू लागल्या. आई काठी टेकत गेली. थोरला गेला. नवी बसून राहिली. क्षमा मिळाली होती, त्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण पाय उचलत नव्हते. इतकी वर्षं ती त्या रांगेत आपल्या हातचं काम घेऊन उभी राहत आली होती. आता हात रिकामे असताना कोणत्या तोंडाने जायचं, हे तिला कळेना. लोक तिच्या गुडघ्यांना चुकवून पलीकडे गेले आणि परत येऊन बसले.

रांग संपली. फादर वेदीकडे वळले. अक्का वळली नाही. ती पायरी उतरली, मधल्या वाटेने चालत आली आणि बाकाशी थांबली. अंथरुणावरच्या माणसाकडे जाताना ती वाकायची तशी ती थोडी वाकली.

"ख्रिस्ताचं शरीर," अक्का म्हणाली.

नवीने तिच्याकडे बघितलं. अक्काचे डोळे सुजलेले होते, आणि हात मात्र नर्सचा होता, अजिबात न हलणारा.

"आमेन," नवी म्हणाली.

मिस्सा संपल्यावर सगळे बाहेर अंगणात आले. ओळखीचे लोक आईभोवती जमले, अप्पांच्या आठवणी काढू लागले. अक्का डबी गळ्यात अडकवून तिच्या आजाऱ्यांकडे निघून गेली. थोरला खिशात हात घालून नवीच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि कुठून सुरुवात करावी ते समजत नव्हतं. शेवटी त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. दर रविवारी याच जागी तो हे विचारायचा आणि ती जीभ टाळूला लावून सांगायची: या वेळी साचा जरा जास्त तापला होता, कड पातळ आली होती, पीठ आणखी थोडा वेळ मुरायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षांत तिचा अंदाज चुकला नव्हता.

"कशी होती सिस्टर्सची?" त्याने विचारलं. "जाड होती ना?"

नवीने आठवून पाहिलं. बराच वेळ आठवून पाहिलं.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "माझं लक्षच नव्हतं."